गाडीला पेट्रोल पोहोचत नाही: स्कूटरवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲक्टिव्हा, जुपिटर, ॲक्सेस अशा ११० आणि १२५ सीसीच्या स्कूटर ठाणे-नवी मुंबईत घरोघरी आहेत. त्यातली एखादी बंद पडली की पहिला हात कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या भागाला, जातो, आणि आमच्या मते तिथेच गडबड होते. टाकीतून निघालेलं पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचेतो वाटेत पाच-सहा ठिकाणी अडू शकतं, आणि त्यातली निम्मी ठिकाणं कार्बोरेटरच्या अलीकडे आहेत. म्हणून कार्बोरेटर खोलण्याआधी टाकीपर्यंतची वाट तपासायची. पेट्रोल कुठे अडलंय ते कळलं की मगच पाना उचलायचा.

माझ्या गाडीला कार्बोरेटर आहे की इंजेक्शन, कसं ओळखायचं?

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस६ नियम लागू झाले आणि तेव्हापासूनच्या जवळपास सगळ्या पेट्रोल स्कूटर इंजेक्शनच्या, म्हणजे पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या, आहेत. त्याआधीच्या बहुतेक कार्बोरेटरच्या. खात्री करायची तर चावी ऑन करा. मीटरवर इंजिनच्या आकाराचा पिवळा-केशरी दिवा लागला आणि टाकीकडून दोन-तीन सेकंद बारीक ‘ऊंऽऽ’ असा आवाज आला, तर इंजेक्शन. तो आवाज टाकीतल्या पेट्रोल पंपाचा असतो. हा फरक आधी कळायला हवा, कारण पुढचे अर्धे उपाय एकाला लागू आहेत आणि दुसऱ्याला घातक.

गाडी स्टार्ट होत नाही. दोष पेट्रोलचा की करंटचा?

स्पार्क प्लग काढून बघा. आठ-दहा किक मारा किंवा सेल्फ पाच-पाच सेकंद दोन-तीनदा दाबा आणि लगेच प्लग खोला.

प्लगचं टोक कोरडं ठाक आणि पेट्रोलचा वासही नाही: पेट्रोल येत नाही. टोक ओलं, वास उग्र: पेट्रोल येतंय, पण एकतर ठिणगी पडत नाही किंवा गरजेपेक्षा जास्त येतंय. ओला प्लग पुसून वाळवा, फट ०.८ मिमीच्या आसपास आहे का बघा. मग प्लग काढलेलाच ठेवून, चोक बंद आणि ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून चार-पाच किक मारा, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेलं पेट्रोल उडून जाईल. हे करताना प्लगची कॅप दूर बांधून ठेवा. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो आणि जवळ ठिणगी पडली तर तो पेटतो.

चालत्या गाडीच्या प्लगचा रंगही बरंच सांगतो. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, आणि पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी.

हे सगळं सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं तर चालेल?

बेसमेंट किंवा पोडियमखालच्या पार्किंगमध्ये अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली बसते आणि बंद जागेत साचून राहते. लिफ्टच्या खोलीतला स्विच किंवा चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक गाडी, ठिणगी कुठूनही पडू शकते. गाडी उघड्यावर ढकलत न्या, इंजिन थंड होऊ द्या, मोबाइल आणि सिगारेट लांब ठेवा. एक बादली कोरडी वाळू जवळ असू द्या. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतलं तर आग पसरते.

टाकीत पेट्रोल आहे, पण कार्बोरेटरमध्ये येत नाही. सुरुवात कुठून करू?

कार्बोरेटरच्या वाटीला खाली ड्रेन स्क्रू असतो. त्याच्या नळीखाली काचेची स्वच्छ बाटली धरा आणि स्क्रू दोन आटे सैल करा. थोडं पेट्रोल आलं आणि थांबलं, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. वाटीत साठलेलं होतं ते आलं. आता स्क्रू सैलच ठेवून किक मारा, कारण बहुतेक स्कूटरमध्ये इंजिन फिरलं तरच टाकीतून पेट्रोल वाहतं. दर किकला पेट्रोल येत राहिलं तर वाट मोकळी आहे, दोष जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) किंवा पुढे शोधा. आलंच नाही तर स्क्रू बंद करून मागे मागे जा.

कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी काढून बाटलीत सोडा आणि पुन्हा किक मारा. इथे धार आली, पण वाटीत येत नव्हतं, याचा अर्थ फ्लोटची, म्हणजे वाटीतल्या तरंगत्या भागाची, सुई अडकली आहे. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत ती चिकटून बसते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलके टकटक केलं की कधी कधी सुटते, पण ती पुन्हा चिकटणार, तेव्हा साफसफाई चुकत नाही.

नळीतूनही आलं नाही तर फिल्टर बघा. पारदर्शक प्लास्टिकचा असेल तर आतला तांबूस गाळ डोळ्यांना दिसतो. फिल्टरवर बाण असतो, तो कार्बोरेटरच्या दिशेने हवा. फिल्टर बदलताना नळीही तपासा: वाकवल्यावर बारीक तडे दिसले किंवा नळी कडक झाली असेल तर बदला. जुन्या नळीचा तुकडा दुकानात घेऊन जा आणि तेवढ्याच आतल्या व्यासाची, पेट्रोलसाठीच बनवलेली नळी मागा. मत्स्यालयाची पारदर्शक नळी लावलेल्या गाड्या दिसतात; ती काही आठवड्यांत कडक होऊन क्लिपमधून निसटते आणि पेट्रोल गरम इंजिनवर ठिबकतं.

फिल्टरच्या मागे उरतो तो पेट्रोल कॉक, आणि स्कूटरमध्ये सर्वांत जास्त चकवणारा भाग हाच.

व्हॅक्यूम कॉक म्हणजे काय? तो बिघडला हे कसं कळतं?

मोटारसायकलसारखा हाताने फिरवायचा कॉक बहुतेक स्कूटरला नसतो. त्याऐवजी रबराचा पडदा, म्हणजे डायफ्राम असलेला कॉक असतो. इंजिन फिरलं की मॅनिफोल्डमधून (कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या नळकांड्यातून) एका बारीक नळीवाटे ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, येते, डायफ्राम उचलला जातो आणि पेट्रोल वाहतं. इंजिन थांबलं की स्प्रिंग त्याला बंद करते. म्हणजे कॉकला दोन नळ्या जोडलेल्या: जाड नळी पेट्रोलची, बारीक नळी ओढीची.

बिघाड तीन तऱ्हांनी होतो.

पहिला: बारीक नळीला चीर पडते किंवा ती टोकाला सैल होते. ओढ कॉकपर्यंत पोहोचत नाही आणि कॉक उघडत नाही. टाकी भरलेली, कार्बोरेटर साफ, तरी गाडी कोरडी. नळीचं टोक एक सेंटीमीटर कापून पुन्हा घट्ट बसवलं की काम होतं. आम्ही कार्बोरेटर खोलायच्या आधी ही नळी नेहमी बघतो.

दुसरा: डायफ्राम कडक होतो आणि अर्धवटच उघडतो. गाडी मंद चालते, पण वेग घेतला की पेट्रोल कमी पडतं.

तिसरा: डायफ्राम फाटतो. मग बारीक नळीतून थेट पेट्रोलच इंजिनमध्ये ओढलं जातं. काळा धूर, ॲव्हरेज निम्म्यावर, गरम गाडी पुन्हा स्टार्ट करताना त्रास. ओळखायची खूण एकदम सोपी: बारीक नळी मॅनिफोल्डकडून काढा. ती कोरडीच असली पाहिजे. आत पेट्रोलचा एक थेंब जरी दिसला तरी डायफ्राम गेला.

कॉक तपासायला मेडिकलमधून सुईशिवाय २० मिलीची सिरिंज आणा. जाड नळी बाटलीत सोडा, सिरिंज बारीक नळीच्या जागी कॉकला जोडा आणि दट्ट्या ओढून धरा. पेट्रोलची सलग धार पडायला हवी. ठिबक ठिबक येत असेल तर कॉकची जाळी तुंबली आहे किंवा डायफ्राम पुरेसा उचलत नाही. दट्ट्या दहा-पंधरा सेकंद तसाच धरा. हातातली ओढ हळूहळू कमी झाली तर डायफ्रामला भोक आहे. सिरिंज काढली की धार थांबली पाहिजे. थांबली नाही तर कॉक नीट बंद होत नाही, आणि अशी गाडी रात्रभर उभी राहिली की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं.

गाडी दहा-पंधरा मिनिटं छान चालते, मग गचके देत बंद पडते. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू होते.

टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर हवेची वाट तुंबली आहे. पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी. नाही तर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकणातलं बारीक छिद्र धूळ आणि वॉशिंग पावडरने बुजतं. झाकण काढून पेट्रोलने धुवा आणि हवा मारा. बीएस४पासूनच्या गाड्यांत टाकीची वाफ कोळशाच्या डब्यात नेणारी नळी असते. ती सीटखाली डिकीच्या सामानाने चेपली गेली तरी हाच त्रास होतो.

झाकण उघडूनही फरक पडला नाही, तर हा दोष पेट्रोलचा नसून इग्निशन कॉइल तापल्यावर करंट देईनाशी होत असण्याची शक्यता जास्त.

पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी कसं जातं?

मुख्यतः झाकणाच्या रबरातून. सीटखाली झाकण असलेल्या जुन्या गाड्यांत सीटवरून ओघळलेलं पाणी झाकणाभोवतीच्या खळग्यात साचतं आणि रबर कडक झालेलं असलं की झिरपत आत जातं. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर वॉशही याला कारण होतो. शिवाय खाडीकाठची हवा. कोपरी, ऐरोली, वाशी, नेरूळ या पट्ट्यात अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने ठेवली की आतल्या दमट हवेने लोखंडी टाकीला गंज चढतो, आणि तोच तांबूस गाळ पुढे फिल्टरमध्ये दिसतो.

तपासायला ड्रेन स्क्रूमधून काचेच्या बाटलीत पेट्रोल काढा आणि दहा मिनिटं उन्हाकडे धरून बघा. पाणी असेल तर तळाशी वेगळे गोल थेंब लोळताना दिसतात; बाटली कलंडवली की ते काचेला न चिकटता एकत्र सरकतात. पेट्रोल वर, पाणी खाली. थोडंच असेल तर वाटी दोन-तीनदा रिकामी करून काम भागतं. बरंच असेल तर टाकी उतरवून पूर्ण रिकामी करावी लागते. वरून आणखी पेट्रोल भरून पाणी ‘पातळ’ करण्याचा उपाय करू नका. पाणी तळाशीच राहतं आणि कॉकची वाट तळातूनच जाते.

इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी गाडी खराब होते का?

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबर आणि प्लास्टिकचे भाग त्यासाठी बनवलेले आहेत, त्याआधीच्या गाड्यांचे तसे असतीलच असं नाही. जुन्या नळ्या, वाटीचं रबर, डायफ्राम फुगतात किंवा कडक होतात. इथेनॉल पाणी ओढतं. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळून जातं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर बसतो. त्या थरावर इंजिन चालत नाही. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना मळ सैल करतं, त्यामुळे फिल्टर पूर्वीपेक्षा लवकर तुंबतो.

घाबरून गाडी विकायचं कारण नाही. नळ्या, फिल्टर आणि वाटीचं रबर एकदा नवीन टाका, आणि पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने पडून राहू देऊ नका.

चोक दिला की चालते, चोक काढला की बंद. आयडलिंग धरत नाही.

पायलट जेट, म्हणजे इंजिन मंद चालताना (आयडलिंगला) पेट्रोल देणारा जेट, तुंबलाय. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि वाटीतलं पेट्रोल उडून गेलं की मागे राहिलेला चिकट थर आधी तिथेच बसतो.

साफ करताना क्रम पाळा. आधी कार्बोरेटरचं वरचं झाकण काढून त्यातला रबराचा डायफ्राम (हा कॉकमधला नव्हे) आणि पिस्टन बाजूला ठेवा, कारण कार्ब क्लीनरने ते रबर फुगतं. मग वाटी, फ्लोटची पिन, फ्लोट आणि सुई. मिक्स्चर स्क्रू काढण्याआधी तो आत हलके टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा. परत बसवताना तेवढेच फेरे बाहेर. जेट काढायला त्यांच्या खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या. ते पितळेचे असतात, खाच लगेच उडते. क्लीनर फवारून दहा मिनिटं ठेवा, मग कॉम्प्रेसरची हवा मारा. नंतर जेट आकाशाकडे धरून बघा: भोक पूर्ण गोल आणि कडा स्वच्छ दिसायला हवी. सेफ्टी पिन किंवा स्टीलची तार घालू नका. भोक मोठं झालं की ते जेट कायमचं वाया गेलं.

वाटीचं रबर पेट्रोलने फुगलेलं असतं आणि खाचेत बसत नाही. ते तासभर वाऱ्यावर ठेवा, आपोआप मूळ मापाला येतं. ओढूनताणून बसवलं तर दुसऱ्या दिवशी वाटी गळते.

साफ करूनही आयडलिंग वरखाली होत असेल तर मॅनिफोल्डच्या जोडावरून हवा आत जाते का बघा. इंजिन चालू असताना जोडावर साबणाचं पाणी सोडा. आवाज बदलला तर तिथला रबरी सील गेलाय.

सपाट रस्त्याला ठीक, पण गायमुखच्या चढाला किंवा ऐरोलीच्या पुलावर दोघं बसलो की दम सोडते.

आधी एक गोष्ट ठरवा: ॲक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनचा आवाज वाढतो का? आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर बेल्ट किंवा क्लच घसरतोय. पेट्रोलचा काही संबंध नाही. आवाजच वाढत नाही, गाडी घुटमळते, तर पेट्रोल कमी पडतंय. मग बघायच्या गोष्टी: मेन जेट, अर्धवट उघडणारा कॉक आणि कार्बोरेटरचा वरचा डायफ्राम. तो उजेडासमोर ताणून धरा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी पिस्टन पूर्ण वर जात नाही. आवाज घुसमटलेला आणि धूर काळा, तर एअर फिल्टर. घोडबंदर रोडवर मेट्रोची आणि रस्त्याची कामं चालू असली की तिथून रोज जाणाऱ्यांनी पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरची वाट न बघता तो आधीच तपासावा.

कार्बोरेटरच्या नळीतून पेट्रोल गळतंय.

ओव्हरफ्लो, म्हणजे वाटी भरून वाहतेय. फ्लोटच्या सुईखाली कण अडकला आहे, सुईचं टोक झिजलंय, किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडतोय. फ्लोट कानाशी हलवा; आत पेट्रोल खळखळलं तर बदला. सुईच्या रबरी टोकावर गोल खाच उमटलेली दिसली तर तीही बदला.

त्याबरोबर ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. गळती दुरुस्त करून ऑइल बदला.

इंजेक्शनच्या गाडीत यातलं काय तपासता येतं?

चावी ऑन केल्यावर पंपाचा आवाज येतो का, हे पहिलं. येत नसेल तर फ्यूज आणि बॅटरी. बॅटरी उतरलेली असली की किक मारूनही पंप चालत नाही, म्हणून पेट्रोलचा वाटणारा बिघाड पुष्कळदा बॅटरीचा निघतो. उभ्या गाडीत १२.४ व्होल्टपेक्षा कमी असेल तर आधी चार्ज करा. गाडी पडली असेल तर टिल्ट सेन्सर पंप बंद करतो. गाडी सरळ उभी करून चावी ऑफ-ऑन केली की चालू होते.

पंप चालतो पण गाडी घेत नाही, तर दाब मोजावा लागतो. बहुतेक स्कूटरमध्ये तो ३ बारच्या आसपास असतो. हे काम गेज असलेल्या गॅरेजमध्येच करा. दाबाखालची नळी घाईने खोलली तर पेट्रोल डोळ्यांत उडतं. कार्बोरेटरच्या गाडीचा प्लास्टिक फिल्टर या नळीत कधीही लावू नका. तो दाबाने फुटतो.

इंजिन चालू असताना पिवळा दिवा लागून राहिला किंवा ठरावीक वेळा लुकलुकला तर कितीदा लुकलुकला ते मोजून ठेवा. तो बिघाडाचा कोड असतो. सेन्सर अंदाजाने बदलत बसण्यापेक्षा कोड वाचून घेणं केव्हाही स्वस्त.

रिझर्व्हवर गाडी चालवली तर काय बिघडतं?

इंजेक्शनच्या गाडीत पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो. सतत तळावर चालवलं की तो तापतो आणि गाळ खेचतो. पंप आधीपेक्षा चिरक्या आवाजात ओरडायला लागला तर तो जायच्या वाटेवर आहे.

पेट्रोल संपून बंद पडली. भरल्यावरही चालू होईना.

किमान एक लिटर टाका. कार्बोरेटरच्या गाडीत वाटी भरायला वेळ लागतो, तेव्हा सेल्फ पाच सेकंद दाबा, दहा सेकंद थांबा, असं चार-पाचदा करा. इंजेक्शनच्या गाडीत सेल्फ न मारता चावी तीन-चारदा ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी पंपाचा आवाज थांबू द्या, मगच स्टार्ट करा.

पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचा संशय आला तर?

पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागा, ती करून द्यावी लागते. स्वच्छ नोझलमधून कागदावर एक थेंब टाकतात. दोन मिनिटांत तो उडून गेला पाहिजे आणि डाग राहता कामा नये. माप कमी वाटलं तर ५ लिटरच्या शिक्का मारलेल्या मापाने मोजून मागा. बिल जपून ठेवा, त्याशिवाय तक्रार उभी राहत नाही.

गाडी पावसाच्या पाण्यात उभी होती.

ठाण्यात वंदना टॉकीजच्या परिसरासारख्या सखल जागी हे दर पावसाळ्यात होतं. पाणी फूटबोर्डच्या वर गेलं असेल तर सेल्फ किंवा किक मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकू शकतो. आधी एअर फिल्टरचा डबा उघडा, मग ऑइलची पट्टी बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर बदला. प्लग काढून किकने हळूहळू फिरवा, कार्बोरेटरची वाटी रिकामी करा, टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून तपासा. इंजेक्शनची गाडी असेल तर बॅटरीची वायर काढून टोइंगने गॅरेजला न्या.

महिनाभर गावाला जाणार आहे. गाडी कशी ठेवू?

टाकी काठोकाठ नाही, पण जवळजवळ पूर्ण भरा, म्हणजे आत दमट हवा कमी राहते. कार्बोरेटरची वाटी ड्रेन स्क्रूने रिकामी करा. एवढ्या एका कामाने परत आल्यावरचं जेट साफ करणं वाचतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

काढलेलं जुनं किंवा पाणी मिसळलेलं पेट्रोल कुठे टाकायचं?

गटारात किंवा मातीत नाही. गटारात गेलेल्या पेट्रोलची वाफ पुढच्या चेंबरपर्यंत जाते आणि तिथे कुणी काडी पेटवली तर झाकण उडतं. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून, वर ‘खराब पेट्रोल’ असं लिहून नेहमीच्या गॅरेजला द्या. तिथे वापरलेल्या ऑइलबरोबर ते वेगळं गोळा करतात का, हे देण्याआधी विचारा.